फळांच्या साली-चोथ्याच्या अर्काने अन्नप्रक्रियेच्या यंत्रांवर जिवाणू चिकटणं थांबतं का?

कमी होऊ शकतं, पण म्हणून धुणं टळत नाही. द्राक्षाचा चोथा, डाळिंबाची साल यांत टॅनिनसारखी पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींतली रसायनं, भरपूर असतात. ती जिवाणूच्या अंगावरच्या प्रथिनांना धरून बसतात आणि स्टीलवर पकड घेणाऱ्या बारीक धाग्यांचं काम बिघडवतात. जिवाणूंचे आपापसातले रासायनिक निरोपही विस्कटतात. उपाय आहे तो बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, तयार होण्याआधीचा. एकदा हा थर बसला की घासण्याला पर्याय नाही. लिस्टेरिया हा अन्नातून आजार पसरवणारा जिवाणू तर 4 अंश सेल्सिअसलाही वाढतो आणि गॅस्केटच्या (यंत्राच्या जोडातल्या रबरी पट्टीच्या) फटीत, पत्र्याच्या ओरखड्यात मुक्काम ठोकतो. मला खरी अडचण वाटते ती अर्काच्या दर्जाची: फळाची जात किंवा हंगाम बदलला की पॉलिफेनॉल्सचं प्रमाणही बदलतं, त्यामुळे प्रत्येक खेप तपासूनच वापरा.