“आमच्यात बोलायला काही उरलेच नाही”

बडोद्यात समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या निरनिराळ्या तोंडून ऐकले आहे की त्याच्या पुढचे वाक्यही मला आधीच ठाऊक असते. सांगणारे नवरा-बायको असोत, एका छताखाली राहणाऱ्या सासू-सुना असोत किंवा कॅनडात स्थायिक झालेल्या मुलाशी रोज फोनवर बोलणारे आई-वडील असोत, तक्रारीचा तपशील बदलत नाही. जेवलास का, पाऊस आहे का, मालिकेत काल काय झाले, गॅसचा नंबर लावला का, एवढ्यावर बोलणे संपते आणि मग दोन्हीकडे शांतता. खरा संवाद म्हणजे मनाच्या तळाशी असलेले काढून समोरच्यापुढे मांडणे, अशी त्यांची ठाम समजूत झालेली असते. व्याख्यानांनी आणि मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांनी ती आणखी पक्की केलेली असते. त्यामुळे हवा, भाजी आणि टीव्ही यांवरचे बोलणे हे नाते आटल्याचे लक्षण आहे, असा निकाल स्वतःच देऊन ही मंडळी माझ्याकडे येतात. मला तो निकाल बहुतेक वेळा मान्य नसतो, आणि का नसतो ते एका जोडप्याच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गृहस्थ रासायनिक कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले, बाई संसार सांभाळून शिकवण्या घेणाऱ्या. घर विश्वामित्री नदीपासून फार लांब नसलेल्या सोसायटीत, तळमजल्यावर. बाईंनी बसताक्षणीच सांगून टाकले, “आमच्यात संवाद नाही. भांडणही नाही, हे त्याहून वाईट.” मी त्यांना तक्रार बाजूला ठेवायला सांगितली आणि काल दिवसभरात दोघे एकमेकांशी काय बोललात, तेवढे शब्दशः सांगा, असे म्हटले.

“सकाळी मी हिला सांगितलं, आजवा सरोवराचं पाणी २११ फुटांवर आलंय,” गृहस्थ म्हणाले.

“आणि मी म्हटलं, हं.”

“मग?”

“मग मी विचारलं, आज भाजी काय करू?”

“मी म्हटलं, कर काहीही.”

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघा मॅडम. इतक्या वर्षांच्या संसारात उरलं ते एवढंच.”

एवढ्यात मला मात्र पुष्कळ काही दिसत होते. दोन माणसांनी एकमेकांना दोनदा हाक मारली होती आणि दोन्ही हाका न ऐकल्यासारख्या झाल्या होत्या. विषय क्षुल्लक होता याने काही बिघडले नव्हते. बिघडले होते ते “हं” आणि “काहीही” या दोन उत्तरांनी. हे मी त्यांना लगेच सांगितले नाही, कारण असे निष्कर्ष समुपदेशकाने सुनावले की माणसे मान डोलावतात आणि घरी जाऊन तसेच वागतात.

पुढच्या एका भेटीत मी बाईंना विचारले, “स्वयंपाकघरात काय आहे ते तुम्हालाच ठाऊक, करणार तुम्हीच. मग भाजीचं त्यांना का विचारता?”

“भाजी तर माझी ठरलेलीच असते.”

“तरी विचारता?”

त्या जरा थांबल्या. “विचारलं की निदान पेपरातून मान तरी वर होईल, म्हणून.”

गृहस्थ खरोखर चकित झाले. “अगं, पण मी काहीही म्हणतो ते तुला त्रास पडू नये म्हणून! घरात असेल ते कर, माझ्यासाठी वेगळं काही नको, असं.”

म्हणजे एकाचा समजूतदारपणा दुसऱ्याला वर्षानुवर्षे तुसडेपणा वाटत आला होता. अशा वेळी समुपदेशकाने शक्यतो मध्ये बोलू नये, आणि मीही बोलले नाही. दोघे एकमेकांकडे बघून हसले, तेव्हा मी आजव्याचा विषय काढला.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की आजवा सरोवराचे पाणी विश्वामित्रीत सोडले जाते आणि ही नदी भर शहरातून वाहते, त्यामुळे पावसाळ्यात सरोवराची आणि नदीची पातळी हा इथल्या घराघरांतला विषय असतो. नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी ३५ फुटांच्याही वर गेले होते आणि नदीतल्या मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या. त्यामुळे इथे “काय पाऊस आहे!” एवढ्यावर कोणाचे भागत नाही, आकडा लागतो. तरीही रोज सकाळी नेमाने तो सांगणे बाईंना वैताग आणत होते. “मोबाइलवर सगळ्यांनाच दिसतं की,” त्या म्हणाल्या.

मी गृहस्थांना विचारले, “पातळी तुम्ही कोणासाठी बघता?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, “चोवीसच्या पुरात मी कारखान्यात अडकलो होतो. रस्ते बंद. ही माझ्या आईला घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली. धान्याचे डबे हिनं एकटीनं कॉटवर चढवले. मी आलो तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या कमरेएवढी होती. त्यानंतर उठल्याबरोबर मी आधी आकडा बघतो आणि हिला सांगतो.”

“मग तसं सांगायचं ना!” बाई म्हणाल्या. “मला वाटायचं, तुम्ही बातम्या वाचून दाखवताय.”

“तेच तर सांगतो रोज.”

माझ्या कामात असे क्षण मागून मिळत नाहीत, मिळाले की मात्र पुढचे काम निम्म्यावर येते. त्या दिवशी मी त्यांना एवढेच म्हटले की तुमच्यात बोलणे कमी नाही, तुमच्यात उत्तरे कमी आहेत. या एका वाक्यावर मी आजही थोडी खूश आहे, हे कबूल करायला हरकत नाही.

माझा कल कुठे आहे, तेही सांगून टाकते. ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच लिहून ठेवले होते की हवापाण्याच्या गप्पा माहिती देण्यासाठी नसतात, माणसे त्यांतून एकमेकांशी बांधली जातात. पुढे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांना घरासारख्या सजवलेल्या प्रयोगशाळेत ठेवून त्यांचे साधे बोलणे टिपले. खिडकीबाहेरचे काहीतरी दाखवणे, पेपरातली बातमी वाचून दाखवणे अशा लहानसहान हाकांना जोडीदार कसा प्रतिसाद देतो, हे ते पाहत होते. सहा वर्षांनंतर जी जोडपी एकत्र होती, त्यांनी अशा हाकांपैकी सुमारे ८६ टक्क्यांना साद दिलेली होती. जी विभक्त झाली, त्यांनी सुमारे ३३ टक्क्यांना. या आकड्यांवरून कोणी आपल्या संसाराचे भविष्य वर्तवू नये, पण कुठे बघायचे ते त्यांवरून नक्की कळते.

म्हणून मी या जोडप्याला “रोज अर्धा तास मनमोकळे बोला” असा सल्ला दिला नाही. तो सल्ला ऐकायला चांगला आणि पाळायला अवघड असतो. समोरासमोर बसून आता मन मोकळे करायचे आहे म्हटले की भल्याभल्यांची वाचा बसते. मी फक्त उत्तर एका वाक्याने वाढवायला सांगितले. “काहीही” म्हणण्याऐवजी एका भाजीचे नाव घ्यायचे आणि तीच का, ते सांगायचे. “हं” म्हणण्याऐवजी एक प्रश्न विचारायचा. पुढे एकदा गृहस्थ खंडेराव मार्केटातून कंटोली घेऊन गेले आणि “आई करायची तशी कोरडी कर” म्हणाले. त्यावरून आईच्या शेवटच्या आजारपणापर्यंत दोघे कसे पोचले, ते त्यांनाही नीट सांगता आले नाही. ज्याला ते संवाद म्हणत होते तो असा कंटोलीच्या पिशवीतून घरात आला.

टीव्हीबद्दल माझे मत काहींना पटत नाही. मालिका पाहताना “त्या सुनेनं बरोबर केलं” असे कोणी म्हणाले, तर ते मालिकेपुरते क्वचितच असते. स्वतःच्या घराबद्दल जे थेट बोलता येत नाही, ते माणसे पात्रांच्या आडून बोलतात. अशा वेळी मालिकेला हसू नये, “तुम्हाला काय वाटलं, तिनं काय करायला हवं होतं?” एवढे विचारावे. परदेशातल्या मुलांनाही मी हेच सांगते: आई “जेवलास का” विचारते तेव्हा “हो” म्हणून थांबू नका, काय जेवलात आणि कोणी केले ते सांगा, आणि तिच्या आमटीत आज काय होते ते विचारा.

घरातली कामे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि इथे मी कडक आहे. “बिल भरलं का? गॅस लावला का? प्लंबरला फोन केला का?” हे प्रश्न गप्पांसारखे दिसतात, पण ऐकणाऱ्याला ती झडती वाटते. दिवसभरात असेच प्रश्न झाले की माणूस पुढच्या साध्या प्रश्नालाही सावध होऊनच उत्तर देतो. कामे कॅलेंडरवर लिहून टाकावीत, ज्याचे काम त्याचे नाव पुढे घालावे आणि जेवताना तो विषय काढू नये.

वरवरचे बोलणे कधीकधी खरोखरच पडदा असते. घराची वाटणी, मुलाचे लग्न, कोणाचे व्यसन असा एखादा ठरावीक विषय निघण्याची चिन्हे दिसताच जर दर वेळी पावसावर बोलणे वळत असेल, तर तो विषय टाळला जातो आहे असे समजावे आणि गरज वाटल्यास तिसऱ्या माणसाची मदत घ्यावी. नेहमी बडबडणारा माणूस जेवणाखाण्याबद्दलही बोलेनासा झाला, झोप आणि भूक बिघडली, तर तो कंटाळा आहे असे धरून चालू नये. नैराश्याची शक्यता तपासून घ्यावी.

साठीच्या पुढे आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. तुटक उत्तरांचे कारण कधी मनात नसते, कानात असते. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, त्यामुळे स, श, फ यांसारखी अक्षरे निसटतात आणि समोरचा पुटपुटतो आहे असे वाटते. टीव्हीचा आवाज हळूहळू वाढत गेला असेल, तर आधी श्रवणतपासणी करून घ्यावी आणि मग नात्याची काळजी करावी. आणि “जेवलास का” हाच प्रश्न उत्तर मिळूनही थोड्याच वेळात पुन्हा येत असेल, आधी विचारल्याची आठवणच नसेल, तर समुपदेशकाकडे न येता थेट डॉक्टरांकडे जावे.