वडिलांना ५४व्या वर्षी शासनाने सक्तीने निवृत्त केलं. आदेश रद्द होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण ‘आमचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही’ या मुद्द्यावर नाही. अशा प्रकरणात सगळ्यांना पहिल्यांदा तोच सुचतो आणि नेमका तोच सर्वांत लंगडा आहे.

तुमच्या प्रश्नावरून दिसतं ते असं: वडील राज्य शासनात गट-ब राजपत्रित, आदेशात ‘लोकहितास्तव’ हा शब्द, तीन महिन्यांचं वेतन हातात, आणि एक विभागीय चौकशी तीन वर्षं रेंगाळलेली. आधी आदेशात कोणता नियम टाकलाय ते बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम १०(४) किंवा ६५ असेल तर कायद्याच्या लेखी ही शिक्षाच नव्हे. त्यामुळे सुनावणी द्यावी लागत नाही. १९७० च्या कर्नल जे. एन. सिन्हा निकालापासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय. शिस्त व अपील नियम, १९७९ चा उल्लेख असेल तर मात्र ती शिक्षा. मग रीतसर चौकशी हवीच, आणि तुम्हालाही आधी अपील करावं लागेल.

नियम १०(४) असेल तर सेवापुस्तकाचं पहिलं पान उघडा. राजपत्रित अधिकाऱ्याला पन्नाशीनंतर काढता येतं ते तो वयाच्या ३५ वर्षांआधी सेवेत आला असेल तरच. नाहीतर ५५ पूर्ण व्हावी लागतात. वडील छत्तिसाव्या वर्षी लागले असतील, तर या नियमाखालचा ५४व्या वर्षीचा आदेश तिथेच कोसळतो. नियम ६५ लावला असेल तर अर्हताकारी सेवेची, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या सेवेची, ३० वर्षं भरतात का ते मोजा.

मग माहिती अधिकारात अर्ज करा. पुनर्विलोकन समितीचं (कुणाला सेवेत ठेवायचं, कुणाला नाही हे तपासणाऱ्या समितीचं) इतिवृत्त, त्यामागची टिप्पणी, किमान दहा वर्षांचे गोपनीय अहवाल आणि पदोन्नतीचे आदेश मागा. ‘का निवृत्त केलं?’ असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतात, खुलासे नाही. अहवालांत सचोटीचा रकाना आधी वाचा.

असा आदेश न्यायालयात पाडायला सर्वोच्च न्यायालयाच्या बैकुंठनाथ दास (१९९२) निकालाने तीन वाटा ठेवल्यात: दुष्ट हेतू, पुराव्याचा पूर्ण अभाव, किंवा कुठल्याही समंजस माणसाने घेतला नसता असा मनमानी निर्णय. प्रतिकूल शेरा कळवलाच नव्हता एवढ्यावर आदेश रद्द होत नाही, हेही त्यातच आहे.

तुमच्या कामाचा खरा निकाल गुजरात शासन विरुद्ध उमेदभाई पटेल (२००१). त्या अधिकाऱ्याने पन्नासाव्या आणि पंचावन्नाव्या वर्षीची दक्षतारोधाची (वेतनवाढीआधीच्या कार्यक्षमता-तपासणीची) चाळणी पार केली होती, गोपनीय अहवालांत प्रतिकूल शेरे नव्हते, समितीनेही शिफारस केलेली नव्हती. फक्त तो निलंबित होता आणि चौकशी अर्धवट पडलेली. चौकशी टाळायची पळवाट म्हणून सक्तीची निवृत्ती वापरता येत नाही, असं म्हणून न्यायालयाने शासनाचं अपील फेटाळलं. वडिलांची रेंगाळलेली चौकशी इथे बसते. केंद्रीय सेवेतल्या कॅप्टन प्रमोद कुमार बजाज प्रकरणात (२०२३) निवृत्तीला जेमतेम चार महिने उरले असताना काढलेला आदेश न्यायालयाने शिक्षेचाच प्रकार ठरवून रद्द केला.

समोरचा वकील प्यारे मोहन लाल (२०१०) हा निकाल काढेल, हे धरून चाला. सचोटीबद्दलचा एक जुना शेराही पुरेसा ठरू शकतो आणि नंतरच्या पदोन्नतीने तो धुऊन निघत नाही, असं त्यात आहे. असा शेरा असेल तर वकिलापासून लपवू नका. साहेबांनी आकसाने केलं म्हणायचं असेल तर त्या साहेबांना नावानिशी प्रतिवादी करावं लागतं, तारीखवार तपशिलासह. नाहीतर तो आरोप कुणी वाचतही नाही.

दाद मागायची महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. (जिल्हा परिषदेचे कर्मचारी इथे येत नाहीत, त्यांना थेट उच्च न्यायालय.) मुदत एक वर्ष. शासनाला निवेदन एकदाच, दोन-तीन आठवड्यांत द्या, पोच घ्या. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं पाठवून मुदत वाढत नाही. प्रकरणं सर्वाधिक इथेच बुडतात. निवेदनाच्या उत्तरासाठी कायदा सहा महिने धरतो, तरी आदेशाच्या तारखेपासूनच वर्ष मोजा.

स्थगिती सहसा मिळत नाही. वय ५४, निवृत्ती ५८ ला. निकाल लागेपर्यंत वय उलटून जाऊ शकतं. म्हणून अर्जाच्या मागण्यांत फक्त ‘आदेश रद्द करा’ लिहू नका. सेवेत पुनर्स्थापना, सेवासातत्य, थकीत वेतन, आणि तोवर वय झालंच तर ५८ पर्यंतचं वेतन धरून निवृत्तिवेतनाची फेरनिश्चिती, हे सगळं वेगवेगळं मागा. जे मागितलं नाही ते सहसा मिळत नाही.

दरम्यान निवृत्तिवेतनाची कागदपत्रं अडवून ठेवू नका, घर चालायला हवं. सही करताना ‘न्यायालयीन निर्णयाच्या अधीन राहून’ एवढं हाताने लिहा आणि त्या पानाची झेरॉक्स जपून ठेवा.