डाउनलोड केलेला फोटो ‘जेएफआयएफ’ आणि पावती ‘पीएचपी’ होऊन येते, काय करावं?

तुमच्या दोन्ही तक्रारी दिसायला सारख्या आहेत, पण दुखणी वेगळी आहेत. आधी फोटो, कारण ते सोपं आहे.

जेएफआयएफ म्हणजे आतून साधा जेपेगच. मागे माझी भाची आमच्या रामबागेतल्या घरी बसून परीक्षेचा फॉर्म भरत होती आणि साइट तिचा फोटो घेईना, ‘फक्त जेपीजी’ म्हणे. नाव बदलून शेवटी डॉट जेपीजी केलं, झालं काम. पण दर वेळी हा उद्योग कोण करणार? विंडोजवर क्रोम ‘इमेज/जेपेग’ प्रकाराच्या फाइलीला कोणतं एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारं शेपूट) लावायचं हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, बघतो, आणि काही कॉम्प्युटरवर तिथे जेएफआयएफ लिहिलेलं असतं. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकेईवाय क्लासेस रूट, मग माइम, डेटाबेस, कॉन्टेंट टाइप, इमेज/जेपेग असं आत जा. ‘एक्स्टेंशन’ समोर डॉट जेपीजी लिहा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. त्याआधी फाइल मेनूतून ‘एक्सपोर्ट’ करून रजिस्ट्रीची प्रत ठेवा आणि बाकी कशाला हात लावू नका.

आता पावती. सर्व्हर फाइलसोबत दोन गोष्टी सांगतो: हा माल कोणत्या प्रकारचा आहे, आणि कोणत्या नावाने सेव्ह करायचा. नाव सांगितलंच नाही तर ब्राउझर बिचारा वेबपत्त्याचा शेवटचा तुकडा उचलतो, म्हणून ‘डाउनलोड.पीएचपी’. चूक साइट बनवणाऱ्याची, तुमची नाही. बहुतेक वेळा नाव बदलून डॉट पीडीएफ केलं की उघडते.

पण बहुतेकच वेळा. मी एकदा फीची पावती अशीच नाव बदलून ठेवून दिली. महिन्याभराने प्रिंट काढायला गेलो तर उघडेना. आत पावती नव्हतीच, लॉगिनचं पान होतं! मी मध्येच चहाला उठलो होतो, तेवढ्यात सेशन संपलं होतं. रतलामी शेवेच्या पुड्यावर ‘जिलबी’ लिहिलं म्हणून ती गोड होत नाही.

म्हणून नाव बदलण्याआधी आत काय आहे ते बघा. राइट क्लिक करून फाइल नोटपॅडमध्ये उघडा. कचरा दिसेल, घाबरू नका, फक्त पहिली ओळ वाचा. टक्क्याची खूण आणि लगेच ‘पीडीएफ’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर पीडीएफ. ‘पीके’ असेल तर झिप (ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं), पण वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फाइलीही आतून झिपच असतात, तेव्हा डॉक्सएक्स किंवा एक्सएलएसएक्स लावून बघा. सुरुवातीलाच ‘एचटीएमएल’ दिसलं तर ते वेबपान आहे. पुन्हा लॉगिन करून पावती नव्याने उतरवा. आणि नोटपॅड बंद करताना सेव्ह मात्र करू नका, चांगली फाइल बिघडेल.

वेबपी हा फोटोचा वेगळाच प्रकार, त्याचं नाव बदलून जेपीजी केलं तरी तो वेबपीच राहतो. तो पेंटमध्ये उघडून ‘सेव्ह अॅज’ने जेपीजी करावा लागतो. शेवटी ‘सीआरडाउनलोड’ असेल तर ती क्रोमची अर्धवट उतरलेली फाइल, तिचं नाव बदलून काहीच हाती लागत नाही.

हे सगळं करण्याआधी फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’वर टिक करा. विंडोज ओळखीची एक्स्टेंशनं लपवतं, त्यामुळे तुम्ही ‘फोटो.जेपीजी’ लिहिता आणि खरं नाव ‘फोटो.जेपीजी.जेएफआयएफ’च राहतं. टिक केल्यावर एखाद्या ‘पावती.पीडीएफ’च्या मागे ‘ईएक्सई’ दिसलं, तर ती पावती नाही, प्रोग्राम आहे; तिचं नाव बदलत बसू नका, उघडूही नका. सरळ डिलीट करा.