लाल चौकटीबद्दल

सप्रेम आशीर्वाद.

मधुमेहाचा जनुकीय धोका लाल चौकटीत छापला की लोक हादरतील आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला लागतील, असे तू जनुक-तपासणीच्या अहवालाच्या आराखड्यात लिहिले आहेस. आणि पत्राच्या शेवटी विचारतेस की सहा महिन्यांपूर्वी अहवाल दिलेल्यांपैकी एकाचेही वजन हलले नाही, तर चूक रंगाची की मजकुराची. दोन्हींची नाही. अहवाल म्हणजे उपचार नव्हे.

तुझ्या वयात मीही हेच केले. एका शिंप्याला त्याच्यातला टीसीएफ७एल२ या मधुमेहाशी जोडलेल्या जनुकाचा धोक्याचा प्रकार अर्धा तास समजावून सांगितला आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश झाले. दोन वर्षांनी तो आला तेव्हा अहवाल लॅमिनेट केलेला होता, उपाशीपोटीची साखर २१० होती, आणि तो शांतपणे म्हणाला, "रक्तातच आहे म्हटल्यावर पथ्य कशाला, बाई?" ही सबब त्याला मीच दिली होती. दिवसाचे दहा तास मशीनवर बसणारा माणूस चालणार कधी, हे मी विचारलेच नव्हते.

बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला २०१६ चा आढावा वाच : १८ अभ्यास एकत्र करूनही जनुकीय धोका कळल्याने धूम्रपान, आहार किंवा व्यायाम बदलल्याचे दिसले नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१९ चा प्रयोग तर त्याहून बोचरा आहे, कारण व्यायाम न झेपणारे जनुक तुमच्यात आहे असे ज्यांना सांगितले त्यांची ट्रेडमिलवरची क्षमता घटली, मग ते जनुक त्यांच्यात असो वा नसो. उलट चेन्नईत साखर वाढू लागलेल्या लोकांना कोणतेही जनुक न तपासता केवळ आहार आणि चालणे यांबद्दल पुन्हापुन्हा भेटून सांगितले, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह झालेल्यांचे प्रमाण ५५ टक्क्यांऐवजी ३९ टक्के राहिले. पुन्हापुन्हा भेटून, हे शब्द अधोरेखित कर.

त्या शिंप्यानंतर कित्येक वर्षे मी असे अहवाल देणेच बंद केले. सहकारी मला जुनाट म्हणत, आणि थोडे खरेही होते. बीआरसीएसारख्या, स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांत अहवालामागे तपासणी आणि शस्त्रक्रियेची वाट असते, तिथे गप्प राहणे हाच गुन्हा ठरतो. पण मधुमेहाच्या बाबतीत मी अजूनही हटणार नाही : अहवाल म्हणजे उपचार नव्हे, आणि हे तुला दुसऱ्यांदा सांगावे लागते याचा मला रागच येतो.

आराखडा परत पाठवते आहे. लाल चौकटीवर काट मारली आहे, आणि तिच्या जागी घरचा स्वयंपाक कोण करते, हे लिहायला एक रकाना आखला आहे.