वाचकांचे प्रश्न : लॅटिन मिस्सा, शुक्रवारचा नेम आणि मोबाईलवरची मिस्सा

यावेळी बरीचशी पत्रं कॅथलिक चर्चमधल्या जुन्या पद्धतीच्या उपासनेबद्दलच आलीत (मिस्सा म्हणजे आपली मुख्य उपासना), म्हणून ती एकत्र घेतेय. पहिल्या पत्राला जागा जास्त गेलीये कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आणखी काही जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली जुन्या लॅटिन मिस्सेला जातोय. घरचे म्हणतात तुला एक शब्द तरी कळतो का, फादर तर तुमच्याकडे पाठ करून उभे. आणि तिथले मित्र म्हणतात नवी मिस्सा खरी मिस्साच नाही. मी मधल्या मध्ये अडकलोय. कोणाचं खरं मानू?

उत्तर : आधी मित्रांचं घेऊ, कारण त्यांचं म्हणणं जास्त नुकसान करणारं आहे. नवी मिस्सा पूर्णपणे वैध आहे. पोप पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये ती चर्चला दिली, आणि तिथे वेदीवर येतो तो तोच येशू, त्यात कमी-जास्त काही नाही. जुन्या मिस्सेवरचं प्रेम दुसरी मिस्सा तुच्छ मानायला शिकवत असेल तर कुठेतरी गाडी चुकलीये हे ओळख, आणि असं बोलणं चालू झालं की सरळ उठून बाहेर ये.

आता घरच्यांचं. खूप जणांना वाटतं की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६० च्या दशकातल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, लॅटिन बंद केली. तसं नाहीये रे. उपासनेवरचा परिषदेचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा, त्यात लॅटिन जपावी असं स्पष्ट लिहिलंय, सोबत लोकभाषेला जास्त जागा द्यायला परवानगी दिलीये, आणि ग्रेगोरियन गायनाला (जुन्या लॅटिन स्तोत्रगायनाला) पहिला मान द्यायला सांगितलंय. तू ज्या मिस्सेला जातोस तिचं पुस्तक १९६२ चं, पोप जॉन तेविसावे यांच्या काळातलं, पण मूळ रचना पोप पायस पाचवे यांनी १५७० मध्ये पक्की केलेली आणि त्यातल्या कितीतरी प्रार्थना त्याहून खूप जुन्या. आणि सगळं लॅटिन आहे असंही नाही, किरीए एलेइसोन ग्रीक आहे, आमेन आणि आलेलुया हिब्रू. आमेनचं भाषांतर करून तर घरचेही म्हणत नाहीत ना, तरी आमेन म्हणताना काय म्हणतोय ते त्यांना बरोबर कळतं.

पाठ फिरवण्याचं म्हणशील तर फादर लोकांकडे पाठ करत नाहीत, ते लोकांबरोबर एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात, सगळे मिळून देवाकडे. एवढं समजलं की मग बघण्याची नजरच बदलते.

एक गोष्ट पुढच्या वेळी नीट बघ. येशूच्या शरीरात रूपांतर झालेली ती भाकर उचलून खाली ठेवल्यावर फादर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटवून ठेवतात, पान उलटायचं असो, कप धरायचा असो, बोटं धुवून होईपर्यंत, ती भाकर हातात घ्यायची वेळ सोडली तर, ती दोन बोटं सुटत नाहीत, एक कणही खाली पडू नये म्हणून. मला कित्येक वर्षं हे दिसलंच नव्हतं, ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी मी कम्युनियनला, म्हणजे ती भाकर घ्यायला, वेगळ्या मनाने गेले. शब्द न कळता जे कळतं ते हे. आईला एकदा घेऊन जा, एका बाजूला लॅटिन आणि दुसऱ्या बाजूला भाषांतर असलेलं पुस्तक हातात दे आणि फक्त ती दोन बोटं दाखव, वाद घालू नकोस.

नियमांचं थोडक्यात सांगते कारण त्यावरून गोंधळ आहे. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुनी मिस्सा बरीच मोकळी केली, आणि १६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी ती परत बिशपांच्या परवानगीखाली आणली, नव्याने दीक्षा झालेल्या फादरना तर रोमची परवानगी लागते. तेव्हा खूप जणांना लागलं, मलाही लागलं, खोटं कशाला बोलू. पण १९८८ मध्ये जुन्या मिस्सेसाठी भांडणाऱ्या आर्चबिशप लेफेव्र यांनी पोपची आज्ञा मोडून चार बिशपांचा अभिषेक केला आणि त्याची जखम अजून भरलेली नाही. त्याच वर्षी पोपच्या आज्ञेत राहून जुनी मिस्सा जपणारे संत पीटर यांच्या नावाचे धर्मगुरूही एकत्र आले. मला त्यांचा रस्ता बरोबर वाटतो. परवानगी असेल तिथे जा, नसेल तिथे मागा, आणि मधल्या काळात आपल्या पॅरिशची, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चची, मिस्सा सोडू नका.

प्रश्न : शुक्रवारी मांस न खाण्याचा नियम आता उरलाय का? ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर नाही म्हणायला अवघड होतं.

उत्तर : उरलाय. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की लागू होतो. मात्र १९६६ नंतर प्रत्येक देशाच्या बिशपांना त्याऐवजी दुसरं प्रायश्चित्त ठरवता येतं, त्यामुळे तुमच्याकडे काय ठरलंय ते पॅरिशमध्ये विचारा. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी तर २०११ मध्ये मांस वर्ज्य करण्याचा नेम मुद्दाम परत आणला. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेला मात्र उपवासही आहे, तो १८ ते ५९ वयाला. आणि ऑफिसचं काय, "आज शुक्रवार, मी नाही खात" एवढंच सांगा, पुढचं स्पष्टीकरण कोणी मागत नाही. मागितलंच तर चांगलंच की, येशू शुक्रवारी मेला हे सांगायची संधी मिळाली.

प्रश्न : चर्चमध्ये डोक्यावर ओढणी घेतली की बाकीच्या बायका बघतात. घ्यावी की नको?

उत्तर : १९१७ च्या धर्मसंहितेत तसा नियम होता, १९८३ च्या संहितेत नाही. म्हणजे सक्ती नाही आणि बंदीही नाही. मन म्हणतंय तर घ्या. शेजारच्या बाईने घेतली नाही म्हणून तिच्याबद्दल मनात काही येऊ देऊ नका, बस.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळलीये, रोज मोबाईलवर मिस्सा बघते. ती धरली जाते का? आणि फोनवरून कन्फेशन होतं का?

उत्तर : आजारी माणसावर रविवारच्या मिस्सेचं बंधन मुळातच नाही, त्यामुळे आईंचं काही चुकत नाहीये, हे त्यांना आधी सांगा, अशा वयात लोक उगाच मनाला लावून घेतात. मोबाईलवरची मिस्सा त्यांच्या प्रार्थनेला मोठा आधार आहे, कम्युनियनच्या वेळी त्यांनी मनातून येशूला बोलवावं, ही पद्धत मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. पण धडधाकट माणसाने रविवारी घरी बसून स्क्रीनवर बघितली तर बंधन पूर्ण होत नाही. कन्फेशन, म्हणजे फादरपाशी पापांची कबुली, फोनवरून होत नाही, फादर समोर लागतात.

म्हणून फादरना घरी बोलवा, भीड बाळगू नका, आजाऱ्यांकडे जाणं त्यांचं कामच आहे. पलंगाजवळच्या टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि थोडं पाणी ठेवा. कन्फेशनच्या वेळी तुम्ही खोलीबाहेर जा, मग आत या आणि गुडघे टेका. आईंनी नुकतंच काही खाल्लं असेल तरी कम्युनियन घेता येतं, तासभर आधी न खाण्याची अट वयस्कर आणि आजारी माणसांना नाही, त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही, म्हणजे तुम्हीही घेऊ शकता.