जुन्या पिकअपचा फोटो कसा वाचावा

जुन्या पिकअप गाड्यांच्या छंदात नवे असाल, तर चकचकीत रंगवलेल्या गाड्या थोडे दिवस बाजूला ठेवा आणि कारखान्यातले जुने कृष्णधवल फोटो मोठे करून बघा. जाहिरातीच्या फोटोंवर त्या काळी बऱ्याचदा ब्रशने हात फिरवलेला असायचा. असेंब्ली लाइनवर काढलेल्या फोटोत मात्र गाडी जशी बनली तशी दिसते. चेसीवरच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्यावरच्या) कोणत्या बोल्टचं डोकं रंगलंय आणि कोणतं कोरं राहिलंय, यावरून रंग मारण्याआधी काय बसवलं होतं ते कळतं. गाडी मूळ रूपात आणणाऱ्याला हा पुरावा सोन्यासारखा.

साल ओळखायचा सराव शेवरोलेच्या १९४७ साली आलेल्या ॲडव्हान्स डिझाइन पिकअपवर करा. दाराच्या खिडकीत पुढे तिकोनी काच नसेल, तर गाडी १९५१च्या आधीची. समोरची काच दोन तुकड्यांची असेल तर १९५३पर्यंतची, सलग असेल तर त्यानंतरची. दारं मागाहून बदललेली असू शकतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

रंगाचा अंदाज जपून करा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक (लाल प्रकाश न टिपणाऱ्या) फिल्मवर लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट.

आणि फोर्डची १९२५ची मॉडेल टी रनअबाउट (दोन जणांची छोटी उघडी गाडी) नक्की बघा. कारखान्यातूनच हौदा लावून ती २८१ डॉलरला मिळायची. किती साधी, किती देखणी गाडी! हौद्याच्या मागच्या फळीचे कोन आणि साखळ्या आधी पाहा.