मालक, मैदान आणि टोपीवरचं अक्षर

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेलो की अमेरिकेतल्या ऑकलंड शहराची बेसबॉल टीम शहर सोडून गेली त्यात अर्धी चूक मालकाची आणि अर्धी शहराची, आणि झालं, पत्रांचा ढीग. निम्म्या लोकांनी मला मालकाचा चमचा ठरवलं, बाकीच्यांनी विचारलं की बेसबॉलवर लिहिताच कशाला. दुसऱ्या गटाने खुशाल पान उलटावं, राग नाही. पहिल्या गटाला आज सगळी जागा.

प्रश्न: सर, मी बे एरियात (ऑकलंड, सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात) आठ वर्षं राहिलोय, टीमच्या स्टेडियमला, कॉलिसियमला, नेमाने जायचो. फिशरने टीम मुद्दाम भंगारात काढली आणि मग वर तोंड करून म्हणाला की बघा, लोकच येत नाहीत. यात शहराची अर्धी चूक कुठून आली? हिशोब सांगा.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि 'अर्धी' हा शब्द मागे घेतो. ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. जॉन फिशर म्हणजे गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या घरातला मुलगा, त्याने २००५ मध्ये भागीदारासोबत ऑकलंड अ‍ॅथलेटिक्स ही टीम १८ कोटी डॉलरला घेतली. पुढे जो खेळाडू जरा नाव काढेल आणि महाग होईल तो विकायचा असं चालू झालं, एकट्या २०२२ मध्ये मॅट चॅपमन, मॅट ओल्सन आणि शॉन मर्फी तिघंही गेले, आणि २०२३ मध्ये टीम १६२ पैकी ११२ मॅच हरली. असला खेळ बघायला तिकीट काढून कोण जाणार हो?

आणि तरी लोक गेले, हे मला सगळ्यात भारी वाटतं. १३ जून २०२३ ला चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला, म्हणजे घरी बसायचं नाही, उलट सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं आणि दाखवायचं की माणसं आहेत, मालक नाहीये. एरवी रिकाम्या खुर्च्यांना मॅच दाखवणारी ही टीम, त्या मंगळवारी २७,७५९ लोक आले, 'विका' एवढंच लिहिलेले हिरवे टीशर्ट घालून. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळं स्टेडियम ठरवून गप्प बसलं, आणि मग एकदम आरोळी, टीम विका! मॅच पण जिंकले, २-१. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याच्या विधिमंडळाने ही टीम तिकडे नेण्यासाठी लास व्हेगासच्या नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा मंजूर केला. टायमिंग बघा.

आता शहराचं. ऑकलंडने बंदराजवळच्या जागेसाठी वर्षानुवर्षं बोलणी लांबवली हे खरं, मी त्यालाच चूक म्हणत होतो. पण ऑकलंड दुधाने पोळलेलं शहर आहे. १९९५ मध्ये रेडर्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम परत यावी म्हणून त्याच कॉलिसियमला शहराने आणि काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) कर्ज काढून एक अवाढव्य स्टँड बांधून दिला. लोक त्याला रेडर्सच्या मालकाच्या नावावरून माउंट डेव्हिस म्हणायचे, मागच्या टेकड्या दिसायच्या त्या पण झाकून टाकल्या त्याने. रेडर्स २०२० मध्ये व्हेगासला निघून गेले आणि हप्ते मागे राहिले. एकदा असं झाल्यावर ताक फुंकून पिणाऱ्याला चूक कशी म्हणू? तेव्हा माझा नवा हिशोब ऐंशी-वीस, आणि ते वीस पण तुम्ही अजून भांडलात तर कमी करेन.

प्रश्न: दादा, साधा प्रश्न आहे. मालक अब्जाधीश, खेळाडू कोट्यधीश, मग स्टेडियम सामान्य माणसाच्या टॅक्समधून का? शहरांनी सरळ नाही म्हणावं ना.

नाही म्हणता येतं, पण घाबरवतात ना. मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सगळ्यात वरची लीग, तिच्यात टीम फक्त ३०, आणि टीम हवी असलेली शहरं त्याहून जास्त, आणि नवी टीम काढायची की नाही हे ठरवणार कोण तर तेच ३० मालक. माल मुद्दाम कमी ठेवायचा मग गिऱ्हाईक आपोआप रांगेत उभं राहतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं केलं तर मक्तेदारीविरोधी कायदा मानगुटीवर बसेल, पण १९२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बेसबॉल म्हणजे राज्याराज्यांतला व्यापार नव्हेच, त्यामुळे तो कायदा याला लागू नाही. शंभर वर्षं झाली, ती सूट बऱ्याच अंशी अजून आहे.

ही धमकी चालते कशी ते सेंट पीटर्सबर्गवरून बघा. फ्लोरिडातल्या या शहराने टीम नसताना डोम (वर छप्पर असलेलं स्टेडियम) बांधायला घेतला, लग्न ठरलेलं नाही आणि मांडव घातला. शिकागोच्या व्हाइट सॉक्सने लगेच त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या राज्याला सांगितलं, स्टेडियम द्या नाहीतर आम्ही निघालो तिकडे. ३० जून १९८८ ची रात्र, मुदत बाराला संपणार, मतं जुळेनात, तर इलिनॉयच्या विधिमंडळातलं घड्याळच थांबवलं! गव्हर्नर थॉम्पसन खाली सभागृहात एकेका आमदाराला पटवत फिरत होते, आणि सगळ्यांच्या मनगटावर बारा वाजून गेल्यावर, भिंतीवरच्या घड्याळात न वाजता, बिल पास झालं. शिकागोला नवं स्टेडियम मिळालं, सेंट पीटर्सबर्गला ठेंगा. मग १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी तीच आशा लावली, ते पण नाही आले. शेवटी १९९८ ला नवी टीम मिळाली, रेज, आणि ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन वादळात त्याच डोमचं छप्पर फाटून उडालं. त्या शहराच्या नशिबाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बरं, रोजगार येतो, शहरात पैसा खेळतो हे जे सांगतात त्याचं काय? बहुतेक अर्थतज्ज्ञ (डाव्या विचाराचे आणि उजव्या विचाराचे, दोन्ही, हे दुर्मिळच) म्हणतात की स्टेडियमवर घातलेला सरकारी पैसा वसूल होत नाही. कारण साधं आहे, घरात महिन्याला मौजमजेचं बजेट जेवढं असतं तेवढंच असतं, ते मॅचवर गेलं की सिनेमा आणि हॉटेल बंद. शिवाय वर्षात घरच्या मॅच ८१, उरलेले बहुतेक दिवस ती इमारत कुलूपबंद. सिएटलचं किंगडोम २००० साली सुरुंग लावून पाडलं आणि त्याचं कर्ज फिटलं २०१५ ला. पंधरा वर्षं लोक नसलेल्या स्टेडियमचे पैसे भरत होते, याहून वेगळा पुरावा काय हवा.

आणि नाही म्हणणारे पण आहेत. एप्रिल २०२४ मध्ये कॅन्सस सिटीच्या जॅक्सन काउंटीत रॉयल्स (बेसबॉल) आणि चीफ्स (अमेरिकन फुटबॉल) दोघांच्या स्टेडियमसाठी विक्रीकर पुढे चालू ठेवायचा का यावर मतदान झालं, चीफ्स तेव्हा लागोपाठ दोनदा सुपर बोल, म्हणजे त्या फुटबॉलची फायनल, जिंकून आलेले, गावभर कौतुक, आणि तरी जवळपास ५८ टक्के लोकांनी नाही म्हटलं. टीमवर प्रेम वेगळं आणि खिसा वेगळा.

प्रश्न: चाहत्यांनीच वर्गणी काढून टीम घेतली तर? फुटबॉलमध्ये ग्रीन बे पॅकर्सचं तसंच आहे म्हणे.

आहे, पण बेसबॉलचे मालक ते होऊ देणार नाहीत. सॅन दिएगो पाद्रेजची मालकीण जोन क्रॉक, मॅकडोनाल्ड्सवाल्या रे क्रॉकची बायको, नवरा गेल्यावर टीम तिच्याकडे आली, तिला टीम चक्क शहराला दान करायची होती, वर चालवायला पैसे पण देणार होती. बाकीच्या मालकांनी नको म्हटलं. शेवटी १९९० मध्ये तिने ती विकली. का नको म्हटलं? टीम शहराच्या मालकीची झाली तर हिशोबाची वही लोकांसमोर उघडावी लागते, आणि ती एकदा उघडली की 'आम्ही तोट्यात आहोत' हे रडगाणं गाता येत नाही, हा माझा अंदाज.

प्रश्न: आमच्या ग्रुपमध्ये रोज भांडण, पीट रोझ मोठा की बॅरी बॉन्ड्स, आणि दोघांना हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या म्युझियममध्ये) घ्यायचं की नाही. तुमचं मत एका ओळीत द्या.

एका ओळीत: बॉन्ड्सला घ्या, रोझला थांबवलं ते बरोबर होतं. आता शिव्या द्या.

कारण पण देतो. रोझचे ४,२५६ हिट्स (बॉल मारून बेस गाठला की एक हिट), मेजर लीगमध्ये आजवर कुणाचे एवढे नाहीत, पण सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर असताना त्याने स्वतःच्याच टीमच्या मॅचवर पैसे लावले, १९८९ मध्ये कायमची बंदी आली, आणि पुढे पंधरा वर्षं हा गडी तोंडावर खोटं बोलत राहिला, कबूल केलं ते २००४ मध्ये. सप्टेंबर २०२४ ला वारला, मे २०२५ मध्ये लीगचा कमिशनर मॅनफ्रेडने ठरवलं की माणूस मेला की बंदी संपली. बॉन्ड्सचं वेगळं. ७६२ होम रन (आपला सिक्सर समजा), २००१ च्या एका सीझनमध्ये ७३, ताकद वाढवणाऱ्या औषधांचा संशय दाट आहे, मी नाकारत नाही, पण त्या काळात पिचर (बॉल टाकणारे) पण घेत होते, बॅटर पण घेत होते, आणि लीग तिकीटविक्री बघून डोळे मिटून बसली होती. २०२२ मध्ये दहाव्या आणि शेवटच्या वर्षी पत्रकारांची ६६ टक्के मतं पडली, लागतात ७५. ज्यांनी तेव्हा होम रनवर कौतुकाचे लेख लिहिले तेच आता सोवळं नेसून बसलेत, हे काही मला पटत नाही.

पण खरं सांगू? तुमच्या भांडणात तिसरं नाव असायला हवं, कर्ट फ्लड. १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने बारा वर्षांनी त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हाच्या नियमाने कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी खेळाडू त्याच टीमचा बांधील, जन्मभर. सगळे मुकाट जायचे, हा गेला नाही. वर्षाला ९०,००० डॉलर पगार सोडून कोर्टात गेला, की मी काय मालकाची वस्तू आहे का. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला, ५ विरुद्ध ३, आणि आधार काय तर तीच १९२२ ची सूट जिच्या जोरावर शहरांना नाचवतात! १९७५ च्या शेवटी लवादाने दुसऱ्या दोघा पिचरच्या प्रकरणात तो नियम मोडला, तोवर फ्लडचं करिअर संपलेलं. आज हुआन सोटो या एका खेळाडूला ७६.५ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट मिळतं. फ्लड हॉल ऑफ फेममध्ये नाही. रोझवरून रात्र रात्र भांडता, यावरून एकदा भांडून बघा.

प्रश्न: टीम शहर सोडून गेली की जुन्या खेळाडूंचं काय होतं? रिकी हेंडरसन आता कुणाचा, ऑकलंडचा की व्हेगासचा? माझ्या मुलाने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

ताई, कागदावर उत्तर सोपं आहे, रेकॉर्ड टीमबरोबर जातात. सगळे आकडे फिशरच्या ट्रकमधून गेले. ही टीम सध्या वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानावर खेळते, साधारण १४,००० लोकांची जागा, आणि स्वतःला नुसतंच 'अ‍ॅथलेटिक्स' म्हणवते, पुढे शहराचं नावच लावत नाही, कारण लावणार कुठलं.

मुलाला मात्र १ मे १९९१ चं सांगा. ऑकलंडमध्येच वाढलेला रिकी, त्याच कॉलिसियममध्ये, तिसरा बेस चोरला (म्हणजे कुणी बॉल मारलेला नसताना पळत गाठला) आणि लू ब्रॉकचा ९३८ चोऱ्यांचा रेकॉर्ड मोडला, आणि पठ्ठ्याने तो बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरला. पुढे १,४०६ वर गेला, त्याच्या जवळपास कुणी नाही. २०१७ मध्ये त्या मैदानाला त्याचंच नाव दिलं. २६ सप्टेंबर २०२४ ला तिथे शेवटची मॅच झाली, ४६,८८९ लोक, सुरुवातीचा मानाचा बॉल टाकायला रिकी आला होता, टेक्सासला ३-२ ने हरवलं, आणि संपल्यावर लोक हलेनात, मैदानातली माती मागून घेऊन जात होते. तीन महिने पण झाले नाहीत, २० डिसेंबरला रिकी गेला.

हॉल ऑफ फेमच्या पाटीवर खेळाडूच्या टोपीवर कुठलं अक्षर हे पण खेळाडू ठरवत नाही, म्युझियम ठरवतं. आंद्रे डॉसनला २०१० मध्ये शिकागो कब्जची टोपी हवी होती, त्यांनी दिली मॉन्ट्रियल एक्सपोजची, म्हणजे सहा वर्षांपूर्वी शहर सोडून गेलेल्या टीमची. एक्सपोज २००४ नंतर वॉशिंग्टनला नेली, नाव झालं नॅशनल्स, आणि एक्सपोजने ज्यांच्या मानात बंद ठेवले होते ते जर्सीचे नंबर तिथे सरळ नव्या खेळाडूंना वाटून टाकले. ८ गॅरी कार्टरचा, ३० टिम रेन्सचा, १० तर दोघांचा, डॉसन आणि रस्टी स्टॉब. मॉन्ट्रियलला मेजर लीगची टीमच उरली नव्हती जिच्या मैदानावर ते टांगावेत. मग २००५ मध्ये तिथल्या हॉकीच्या टीमने, कॅनेडियन्सने, त्या नंबरांचा बॅनर करून आपल्या छताला लावला, बर्फाच्या वर.